‘जळाले’ ह्या शब्दाविरुद्ध

विजेवर चालणारी एखादी वस्तू बंद पडली, की आपण तिच्याविषयी एकच शब्द उच्चारतो : ‘जळाले’. हा शब्द एकदा उच्चारला, की चौकशी संपली असे आपण धरून चालतो. नेमके काय जळाले, कशाने जळाले आणि न जळता काय शिल्लक उरले, हे विचारण्याची पाळीच येत नाही. डॉक्टरने रोग्याची नाडीही न पाहता मृत्यूचा दाखला लिहावा, तसा हा प्रकार आहे. माझे भांडण ह्या शब्दाशी आहे. गेली कित्येक वर्षे मी दुरुस्तीच्या बाकावर बसून पोट भरतो आहे. तेव्हा ह्या भांडणात माझा स्वार्थ आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु स्वार्थी माणसाचे म्हणणे खोटेच असते असा काही नियम नाही.

मराठी भाषा ह्या बाबतीत मुळीच दरिद्री नाही. कापड उसवते, विरते, फाटते. भांडे चेपते, पिचते, गळू लागते. काच तडकते, लाकूड किडते, पाते बोथटते, सांधा निखळतो, आटा झिजतो. ह्यांतला प्रत्येक शब्द दुखण्याचे नाव सांगता सांगता उपायही सुचवून जातो. ‘उसवले’ म्हटले की सुईदोरा आठवतो, ‘विरले’ म्हटले की रफूगार, ‘चेपले’ म्हटले की हातोडी घेऊन बसलेला तांबट. इतक्या श्रीमंत भाषेत वाढलेला माणूस विजेच्या वस्तूपाशी आला, की मात्र ‘जळाले’ आणि ‘उडाले’ ह्या दोन क्रियापदांवर त्याला निर्वाह करावा लागतो. दोन्हींत उपायाला जागा नाही.

ह्या शब्दाने मोठा घात केला आहे तो लेसर मॉड्यूल नावाच्या एका चिमुकल्या वस्तूचा. वाचकांपैकी बहुतेकांनी ती पाहिली असेल. नाव ठाऊक नसेल इतकेच. फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या मशीनवर प्लायवूडवर जी लाल रेघ पडते, ती ह्या मॉड्यूलची. बोटाच्या पेराएवढी पितळी नळी, तिच्या तोंडाशी एक भिंग, भिंगामागे साडेपाच मिलिमीटर व्यासाची धातूची टोपी, टोपीच्या आत वाळूच्या कणाएवढा एक स्फटिक, आणि मागे दोन तारा. त्या कणाला लेसर डायोड म्हणतात. बाकीचा सगळा संसार त्याच्या सेवेसाठी.

तीन-चार वर्षांपूर्वी फर्निचरच्या एका छोट्या कारखान्याचे मालक असे एक मॉड्यूल घेऊन माझ्याकडे आले; मात्र दुरुस्तीसाठी नव्हे.

“काका, हे जळालंय. नवीन मागवलंय मी. तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या, की चुकीचा अॅडॅप्टर लावल्यामुळे जळालं.”

“कोणी लावला?”

“हेल्पर पोरगं आहे एक. त्याच्या पगारातून कापून घेतो. पण उगाच तोंडी वाद नकोत. लेखी असलेलं बरं.”

“शेठ, लिहून द्यायचं तर आधी उघडून बघावं लागेल.”

“उघडायचं काय त्यात? वास येतोय की जळल्याचा!”

तरीही मी ते ठेवून घेतले, आणि संध्याकाळी कारखान्यात जाऊन मशीनही पाहून आलो. त्या पोराने पाच व्होल्टच्या मॉड्यूलला बारा व्होल्टचा अॅडॅप्टर जोडला होता, ही गोष्ट खरी होती. ती त्याने स्वतःच सांगितली. पण मशीनमागच्या खिळ्याला दोन अॅडॅप्टर शेजारी शेजारी लटकत होते. एक ह्या मॉड्यूलचा, दुसरा कामाच्या जागेवर उजेड पाडणाऱ्या दिव्याच्या पट्टीचा. दोन्ही काळे, दोन्ही तळहाताएवढे, आणि दोन्हींच्या टोकाला तीच साडेपाच मिलिमीटरची गोल पिन. कोणता किती व्होल्टचा, हे त्यांच्या पाठीवर छापले होते खरे. पण ते अक्षर वाचायला मला चष्म्यावर भिंग धरावे लागले. भुसा उडतो आहे, उजेड मागून येतो आहे, मालक लवकर करा म्हणून ओरडतो आहे, अशा वेळी एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने ते वाचावे, अशी अपेक्षा होती.

आता मॉड्यूलच्या आत काय होते ते पाहा. डायोडला किती प्रवाह जाऊ द्यायचा हे ठरवणारे जे मंडल असावे लागते, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते तिथे नव्हतेच. होता एक ९१ ओहमचा रेझिस्टर. हिशेब सोपा आहे. लाल लेसर डायोड स्वतःसाठी सव्वादोन व्होल्टच्या आसपास दाब घेतो. पाच व्होल्टमधले उरलेले पावणेतीन व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, आणि तीस मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढाच ह्या डायोडला मानवतो. बारा व्होल्ट जोडले, की त्याच रेझिस्टरवर पावणेदहा व्होल्ट पडतात आणि प्रवाह शंभराच्या वर जातो. डायोडला दाब मारत नाही, प्रवाह मारतो; आणि इथे प्रवाहाला अडवणारा कोणी दारातच नव्हता.

पोराने वास येताच पिन उपटली होती. रेझिस्टर तपकिरी पडला होता, पण मोजल्यावर आपल्या ९१ ओहमवर ठाम होता. नळी धड, आटे धड, रेघ पाडणारे भिंग धड, तारा धड. पाच व्होल्ट देऊन पाहिले, तर भिंतीवर मलूल तांबूस उजेड पडला. म्हणजे डायोडही पूर्ण विझला नव्हता! मात्र त्या उजेडाकडे नीट पाहिले पाहिजे. खरा लेसर भिंतीवर पडला, की त्यात रव्यासारखे दाणे चमचमताना दिसतात, आणि डोके हलवले की ते दाणेही सळसळतात. ह्या उजेडात एकही दाणा नव्हता. डायोड जिवंत होता, पण लेसर म्हणून मेला होता. आता तो एक सामान्य लाल दिवा होता. मल्टिमीटरला विचाराल, तर पुष्कळदा तो अशा डायोडला निरोगी ठरवतो. दाण्यांची साक्ष मात्र सहसा चुकत नाही.

हे असे का होते? स्फटिकाच्या ज्या कडेतून प्रकाश बाहेर येतो, ती कडाच त्याचा आरसा असते. प्रकाशाला निघायला तिथे जी खिडकी मिळते, ती एक हजारांश मिलिमीटर उंच आणि तीन-चार हजारांश मिलिमीटर रुंद. पाच मिलिवॅट म्हणजे काहीच नव्हे, असे आपल्याला वाटते. पण तेवढ्या खिडकीतून ते जाताना दर चौरस मिलिमीटरला हजार वॅटांहून अधिक असे प्रमाण पडते. आख्खी विजेची इस्त्री एका मोहरीच्या दाण्यावर टेकवल्यासारखे! प्रवाह तिप्पट झाला, की कडा तापते; तापलेली कडा अधिक प्रकाश गिळते; गिळल्यामुळे आणखी तापते; आणि डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी आरसा वितळून जातो. तो आरसा पुन्हा घडवणे माझ्या बाकावरच नव्हे, कोणाच्याच बाकावर शक्य नाही. मेलेला डायोड उठवून देतो असे सांगणारा दुरुस्तीवाला भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे. परंतु डायोड म्हणजे मॉड्यूल नव्हे. दिव्याची वात संपली म्हणून कोणी समई मोडीत घालत नाही.

मी शेठना दोन ओळी लिहून दिल्या : “बारा व्होल्टचा अॅडॅप्टर लागल्यामुळे लेसर डायोड निकामी झाला. दोन्ही अॅडॅप्टरच्या पिना एकाच मापाच्या आहेत आणि मॉड्यूलमध्ये संरक्षणाची कोणतीही सोय नाही.” त्यांनी त्या वाचल्या, घडी घालून खिशात ठेवल्या, आणि फार बोलले नाहीत. मॉड्यूलमध्ये मी नवा डायोड बसवला, प्रवाह बांधून देणारा ड्रायव्हर घातला, वाटेत एक फ्यूज ठेवला. पोराचा पगार कापला गेला की नाही, ते मला कळले नाही.

वस्तू विकणाऱ्यांच्या दप्तरी ह्या सगळ्याला एक गुळगुळीत नाव असते : ‘हाताळणीतील चूक’. हमीपत्राच्या शेवटच्या पानावर ते बारीक टायपात छापलेले सापडते. माझा ह्या शब्दप्रयोगावर आक्षेप आहे. आपल्या घरातली सोळा अँपिअरची जाड पिन सहा अँपिअरच्या सॉकेटात जात नाही. का जात नाही? कोणी तरी आधीच विचार केला, की माणूस घाईत असेल, अंधारात असेल, थकलेला असेल, त्याला वाचता येत नसेल, तरीही त्याच्या हातून ही चूक होता कामा नये. तो विचार पिनेच्या जाडीत ओतलेला आहे. उलट पाच, नऊ, बारा आणि चोवीस व्होल्टच्या अॅडॅप्टरना एकच गोल पिन लावायची, मॉड्यूलमधला चार-सहा रुपयांचा संरक्षक भाग वाचवायचा, आणि मग त्यातून होणारा अपघात हेल्परच्या नावावर मांडायचा, ही कुठली नीती? चूक हाताची नव्हे. ती हातापर्यंत पोचण्याच्या आधीच झालेली होती.

आमचे एक इंजिनिअर मित्र ह्यावर हसतात. त्यांचे म्हणणे मी शक्य तितक्या प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, दुरुस्ती ही टंचाईच्या काळाची सवय आहे. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीने ती जोपासली आणि आता तिला संस्कृती म्हणण्याची फॅशन निघाली आहे. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूवर कुशल माणसाचे दोन तास घालवणे ही काटकसर नसून उधळपट्टी आहे.

ह्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. शंभर रुपयांचे मॉड्यूल मीही दुरुस्त करत बसत नाही. गिऱ्हाइकाला नवे घ्यायला सांगतो. पण ते का मेले, हे शोधायला पाच मिनिटे तरी दिलीच पाहिजेत. नाही तर नवे मॉड्यूल त्याच खिळ्याखाली, त्याच दोन अॅडॅप्टरांच्या शेजारी बसते, आणि महिन्याभराने तेही मरते. असे एकामागून एक तीन बळी घेतलेले मशीन माझ्या पाहण्यात आहे. शिवाय सगळीच मॉड्यूले शंभर रुपयांची नसतात. बांधकामावर समपातळी दाखवणाऱ्या उपकरणातले, कातडे किंवा लाकूड कोरणाऱ्या यंत्रातले मॉड्यूल हजारो रुपयांचे असते. आणि ‘जळाले’ हा निकाल त्यालाही तितक्याच बेफिकिरीने लावला जातो.

राहिला टंचाईचा मुद्दा. फ्रान्स हा काही टंचाईने गांजलेला देश नव्हे. तिथे १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, टेलिव्हिजन, कपडे धुण्याचे यंत्र अशा वस्तूंवर त्या किती सुलभपणे दुरुस्त होतील ह्याचे गुण छापावे लागू लागले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्कासंबंधी निर्देश काढला. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ह्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ उघडले. त्या समितीपुढे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी हे विषय होते. छोट्या कारखान्यातल्या मशीनवरची पितळी नळी कोणाच्याच यादीत बसत नाही. ती ना घरातली, ना शेतातली.

पण माझ्या मित्राचा जो खरा प्रमाद आहे, तो निराळाच आहे. मेलेली वस्तू उघडून पाहणे हे मागासलेपणाचे काम, असे तो समजतो. लेसर डायोडचा स्वतःचा इतिहास ह्याच्या नेमका उलट आहे. १९६२ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला अर्धवाहक लेसर पेटवला, तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणि क्षणभराच्या ठोक्यांत. साध्या खोलीच्या तापमानात अखंड चालणारा लेसर यायला १९७० साल उजाडावे लागले. लेनिनग्राडमध्ये आल्फेरोव्ह आणि न्यू जर्सीत बेल प्रयोगशाळेतले हायाशी व पॅनिश ह्यांनी तो जवळजवळ एकाच वेळी साधला. पण ते सुरुवातीचे लेसर फार अल्पायुषी होते. अशा वेळी ‘जळाले’ म्हणून ते टोपलीत टाकले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतल्या मंडळींनी मेलेले लेसर सूक्ष्मदर्शकाखाली घेतले आणि त्यांत काळ्या रेषा पसरलेल्या पाहिल्या. स्फटिकातल्या दोषापासून निघून त्या रेषा प्रकाशाच्या वाटेत पसरत होत्या. दोष कळला, तेव्हा तो टाळता येऊ लागला. तासांचे आयुष्य वर्षांवर गेले. १९८२ साली बाजारात आलेला कॉम्पॅक्ट डिस्कचा वादक त्याच कामाच्या जिवावर उभा होता. आज शे-दोनशे रुपयांत जो डायोड मिळतो, तो मेलेल्या डायोडांची विचारपूस करणाऱ्यांनी आपल्याला दिलेला आहे. इंजिनिअरनेच हे विसरावे, ह्याचे मला वाईट वाटते.

‘दुरुस्त केले, तरी टिकत नाही’ असाही एक आक्षेप असतो. खरे आहे, पुष्कळदा टिकत नाही. कारण दुरुस्ती उलट्या टोकाने सुरू होते. डायोड मेला, म्हणून डायोड बदलला. ड्रायव्हरकडे कोणी पाहिलेच नाही. जादा दाबाने ड्रायव्हरमधला ट्रान्झिस्टर आरपार गेलेला असतो, तो नव्या डायोडलाही क्षणात खातो. म्हणून आधी ड्रायव्हरला खोटा डायोड जोडून पाहायचा असतो. बाजारात कुठेही मिळणारे साधे सिलिकॉन डायोड तीन ओळीने जोडले, की लाल लेसर डायोडाइतकाच दाब घेतात. त्यांच्यापुढे एक ओहमचा रेझिस्टर ठेवला, की त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिअँपिअर वाहत आहेत असे समजावे. प्रवाह बरोबर आला, तरच नव्या डायोडला पाकिटातून बाहेर काढावे. आणखी एक खोड अशी, की ड्रायव्हर मोकळा चालवला, की त्याच्या तोंडाशी असलेला कॅपॅसिटर पूर्ण दाबाने भरून बसतो. वीज बंद करून, त्या कॅपॅसिटरची दोन टोके जोडून तो रिकामा केल्याशिवाय डायोड लावला, तर साठलेला सगळा लोंढा त्याच्यावर कोसळतो. नवा डायोड हातातच मरतो, आणि कारागीर म्हणतो, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ शिकवणाऱ्याला अर्धा तास पुरेल एवढेच हे ज्ञान आहे. पण ते आमच्या धंद्यात पोरे नुकसान सोसून, एकेकटी, चोरून शिकतात.

इतके बोलल्यावर माझ्या धंद्यातल्या लोकांनाही दोन शब्द सुनावणे भाग आहे, कारण ते काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पुष्कळ ड्रायव्हरवर एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला, की प्रवाह वाढतो आणि रेघ झळाळू लागते. गिऱ्हाईक खूष होते. ‘पहिल्यापेक्षा भारी केलं’ ही शाबासकी ऐकण्यासाठी तो स्क्रू फिरवणारे हात मी पाहिले आहेत, आणि त्यांना माझ्या दृष्टीने क्षमा नाही. डोळ्याचे भिंग समांतर किरणांना पडद्यावर इतक्या लहान ठिपक्यात गोळा करते, की त्यांची तीव्रता लाखपटीने वाढते. एक मिलिवॅटचा लाल ठिपका चुकून डोळ्यात गेला, तर पापणी मिटण्याची सवय माणसाला वाचवते. पाचाच्या पुढे त्या भरवशावर राहता येत नाही. करवतीवर वाकलेला माणूस दिवसभर त्या रेघेकडे पाहत असतो. आणि हिरव्या लेसरची गोष्ट तर आणखी वाकडी आहे. पुष्कळ हिरव्या मॉड्यूलांत आधी न दिसणारा अवरक्त प्रकाश तयार होतो आणि स्फटिकांतून जाऊन त्याचा हिरवा होतो. हे रूपांतर बिघडले, की हिरवा मंदावतो, पण अवरक्त तसाच वाहत राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली नेमका असा एक स्वस्त हिरवा लेसर तपासून प्रसिद्ध केला होता : दिसायला क्षीण, आणि न दिसणाऱ्या प्रकाशाने कितीतरी अधिक घातक. तो ‘मंद झाला आहे’ म्हणून डोळ्याजवळ धरून पाहणारे आमच्यात कमी नाहीत. ज्याच्याकडे बाहेर पडणारा प्रकाश मोजण्याचे साधन नाही, त्याने हिरव्याला आणि दवाखान्यातल्या लेसरला हात लावू नये. ‘आम्ही जुगाड करतो’ असे छाती फुगवून सांगणाऱ्यांशी माझे काही नाते नाही. जुगाड करणारा आणि ‘जळाले’ म्हणणारा, दोघेही मोजायचे टाळतात.

माझी मागणी फार मोठी नाही. मॉड्यूलच्या पितळी नळीवर किती दाब द्यायचा, आत किती प्रवाह वाहतो, प्रकाशाची लांबी किती आणि शक्ती किती, हे चार आकडे कोरलेले असावेत. नळीचे तोंड गोंदाने कायमचे बंद न करता आट्याने बसवलेले असावे. बारा मिलिमीटर व्यासाच्या नळीचा घेर जवळजवळ पावणेअडतीस मिलिमीटर भरतो. मी कोरणाऱ्या कारागिराकडून एका नळीवर ते चार आकडे कोरून घेतले आहेत; दोन ओळींत बसतात, आणि चष्म्यावर भिंग न धरता वाचता येतात.